बंबातली जिन्नीण

जेल रोड, नाशिकरोड
रविवार, दुपार (जेवण झालंय, भांडी तशीच पडली आहेत)

आदरणीय कुसाक्का,

धाकट्या प्रतिभाचा तुला आणि दाजींना मनापासून जयभीम. तुझा गुडघा आता कसा आहे? मी पाठवलेलं तेल लावतेस की कपाटात ठेवून दिलंस? दाजींचं ब्लडप्रेशर कसं आहे? लोणचं बंद केलं का त्यांनी, की तू आंघोळीला गेलीस की अजून बरणी उघडतात? मनमाडला नळाला पाणी या खेपेला कधी आलं? इकडे मी उत्तम आहे. उत्तम हा शब्द मी विचार करून लिहिला आहे.

पत्र बघून दचकशील. मी फोनच केला असता, पण तू तो उचलत नाहीस. "आपल्या घरात असलं कुणी केलं नव्हतं" एवढं बोलून तू ठेवलास, तेव्हापासून माझा फोन तुझ्या घरात नुसता वाजतो आणि तू त्याच्याकडे बघत बसतेस, हे मला दाजींनी सांगितलं. (त्यांना रागावू नकोस. दूध आणायला बाहेर पडले होते तेव्हा बोलले बिचारे.) पत्र मात्र तू वाचणारच. आलेलं पाकीट न उघडता ठेवणं तुला जन्मात जमलेलं नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा सासरहून आलेली पत्रंसुद्धा आधी तूच वाचायचीस आणि मग मला मजकूर सांगायचीस.

तर तुला मोबाइलवर कुणीतरी जे पोस्टर पाठवलं, त्यातली हिरव्या तोंडाची, डोळ्यांभोवती काजळ फासलेली, बंबातून अर्धी बाहेर आलेली बाई मीच. शरीर दुसऱ्याचं आणि डोकं माझं असला काही प्रकार नाही, अख्खी मीच. सिनेमाचं नाव 'जिन्न पुन्हा पेटला'. तुझ्या महिला मंडळात कुणी विचारलं तर मान खाली घालू नकोस, सांग की हो, माझी बहीण आहे, आणि मुख्य भूमिकेत आहे. नायिकेपेक्षा माझे संवाद जास्त आहेत. (मी मोजलेले नाहीत, पण नायिकेनेच तशी तक्रार केली.)

हे सगळं झालं कसं ते नीट सांगते, म्हणजे तुझा राग तरी योग्य जागी जाईल. आमच्या वरच्या मजल्यावर नाझिया राहते, तुला आठवत असेल, आयुषच्या लग्नात जिने शीरखुर्मा करून आणला होता. तिचा फैजान माझा विद्यार्थी. शुद्धलेखनात कच्चा, पण निबंध लिहायचा तर सगळा वर्ग पेन्सिली खाली ठेवून ऐकत बसायचा. आता तो लग्नाचे व्हिडिओ काढतो आणि उरलेल्या वेळात सिनेमे. मागे त्याने 'दिव्यातला जिन्न' नावाचा सिनेमा काढला होता. त्यात त्याचा आतेभाऊ मुस्तकीम जिन्न झाला होता. दिव्यातून बाहेर येऊन "तुझी इच्छाच तुझा काळ ठरेल" असं तो हात उंचावून म्हणतो आणि तेवढ्यात त्याची दाढी सुटून नायकाच्या चहात पडते. फैजानकडे पुन्हा चित्रण करायला वेळ नव्हता, त्याने ते तसंच ठेवलं. ती दाढी पडतानाची क्लिप गावभर फिरली. रिक्षावाले त्याला "काय जिन्नभाई, दाढी कुठंय?" म्हणून हाका मारायला लागले. पोरगं महिनाभर मागच्या गल्लीने घरी यायचं. नाझियाने मग निकाल दिला, की अजून एकदा करून बघ, पण या खेपेलाही लोक हसले तर कॅमेरा विकायचा आणि मालेगावला मामूच्या टायरच्या दुकानात बसायचं. आई आहे, तिला तरी रोज काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल.

आता दुसऱ्या भागासाठी जिन्न बाहेर यायला दिवा नको, काहीतरी मोठं हवं आणि त्यातून खराखुरा धूर यायला हवा, कारण धुराचं मशीन भाड्याने आणणं त्याला परवडत नव्हतं. माझ्या बाल्कनीतला पाणी तापवायचा बंब त्याने लहानपणापासून पाहिलेला. (हो अक्का, आईचाच. ओरडू नकोस, पुढे वाच.) मी म्हटलं, बंब देईन, पण बंब जिथे जाईल तिथे मी जाईन. आईची वस्तू पोरांच्या हातात एकटी सोडणारी मी नाही. म्हणून मी चित्रीकरणाला गेले. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. पाण्याची बाटली, उशी आणि वर्तमानपत्र घेऊन मी बंबाशेजारी बसले आणि शब्दकोडं सोडवायला लागले.

चित्रीकरण नाझियाच्याच घरात. बाहेर लख्ख ऊन आणि आत अमावास्या हवी, म्हणून खिडक्यांना गोधड्या ठोकल्या होत्या. जिन्न म्हणून एक व्यायामशाळेतला मुलगा आणला होता. दंड बघशील तर आपल्या दोघींच्या मांड्या एकत्र केल्या तरी तेवढे व्हायचे नाहीत, पण आवाज शिट्टीसारखा. बंबात करवंट्या पेटवल्या, धूर निघाला, आणि तो "कोण आहे माझा मालक" म्हणायला गेला तो खोकायलाच लागला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. पोरं हसायला लागली. नायिका तेजल (ती ब्यूटी पार्लर चालवते, मेकअपही तीच करते) जमिनीवर बसून पोट धरून हसत होती. तो मुलगा चिडला, अंगावरचा मांडवाचा पडदा फेकून दिला आणि निघून गेला. फैजान भिंतीला टेकून उभा होता, हसत नव्हता. त्याचं ते तोंड मी चौथीत असताना पाहिलेलं आहे, म्हणजे तो चौथीत असताना. फळ्यावर चुकल्यावर असाच उभा राहायचा. मला काय झालं कोण जाणे, मी बंबामागून उठले आणि ओरडले, "गप्प! कोण हसलं? उभं राहायचं!"

अक्का, सगळे उभे राहिले. तेजल उभी राहिली, लाइट धरणारा आधीच उभा होता तो आणखी ताठ झाला, दारात चहा घेऊन आलेला माणूस ट्रेसकट भिंतीला लागला. धूर माझ्या चारही बाजूंनी निघत होता आणि कॅमेरा चालूच राहिलेला होता. फैजानने ते छोट्या पडद्यावर पुन्हा लावून पाहिलं. मग तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, जिन्न सापडला."

मी लगेच हो म्हटलेलं नाही, हे तुला मुद्दाम सांगते. तू म्हणशील की बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या घरातली बाई भुताखेतांची सोंगं करते. मी फैजानला नेमकं हेच म्हणाले, की बाबा रे, मी जन्मभर पोरांना सांगितलं की असलं काही नसतं. आणि त्याच वेळी नाझिया पलीकडून म्हणाली, "ताई, ह्या गोष्टीची मस्करी करू नये. असतात ते." म्हणजे मी म्हणते जिन्न नाही म्हणून करणार नाही, ती म्हणते जिन्न आहे म्हणून करू नका, आणि मध्ये तो पोरगा. शेवटी आम्ही दोघींनी बसून पटकथाच दुरुस्त केली. मूळ गोष्टीत शेवटी एक मांत्रिक येऊन जिन्नला बाटलीत भरतो. मी म्हटलं, मंत्रतंत्र चालणार नाही. नाझिया म्हणाली, दुआ-बिआ काही यात घालायचं नाही. मांत्रिकाचं काम करणारा शेजारी रुसला, त्याला आम्ही वॉचमन केलं. (जिन्नचं स्त्रीलिंग काय, यावर एक अख्खी दुपार गेली. नाझिया जिन्नी म्हणत होती, मी जिन्नीण. पडद्यावर जिन्नीण आलं आहे, पाहशीलच.)

गोष्ट आता अशी झाली. तेजलला माळ्यावर बंब सापडतो, ती पेटवते, मी निघते. ती म्हणते, माझ्या सासूचं तोंड बंद कर. सकाळी उठून बघतात तर सासूला तोंडच नाही, नाकाखाली सरळ हनुवटी. ही सासू नाझिया. तोंडावर कणकेचा पातळ थर लावून ती बसली. बोलायचं नव्हतं म्हणून तयार झाली, पण डोळ्यांनी असं काही काम केलं की मलाच भीती वाटली. मग तेजल म्हणते, नवरा सारखा घराबाहेर असतो, तो कायम घरात राहू दे. झालं, नवऱ्याचं कपाट होतं. कपाट उघडलं की आतून घोरण्याचा आवाज. मागणारीने नीट विचार करून मागितलं नाही, एवढंच माझं पाप. मला सांग, यात अंधश्रद्धा कुठे आहे? उलट हा तर मराठीच्या नीट वापराचा धडा झाला.

संकटं आलीच. तेजलने माझ्या तोंडाला खाण्याचा हिरवा रंग लावला, तो निघेना. बेसन झालं, दही झालं, रॉकेल शोधलं तर आता मिळत नाही. तशीच बँकेत पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला गेले. तिथल्या मुलाने माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि अगदी आदराने विचारलं, "आजी, तुम्ही हयात आहात ना?" मी म्हटलं, "आहे, आणि चित्रपटात आहे." त्याने उठून खुर्ची दिली.

आणि आगीच्या बंबाचा प्रसंग तर सोसायटीत अजून सांगतात. एके संध्याकाळी करवंट्या ओल्या निघाल्या, धूर गोधड्यांमधून बाहेर गेला आणि समोरच्या इमारतीतल्या कुणीतरी अग्निशमन दलाला फोन केला. दार वाजलं म्हणून मी उघडलं. मी म्हणजे हिरवं तोंड, काळे ओठ, अंगावर मांडवाचा पडदा. समोर हेल्मेट घातलेले जवान. पहिला दोन पायऱ्या मागे सरला. मी म्हटलं, "घाबरू नका, आग नाही, बंब आहे." तर मागचा एकदम पुढे आला. "मॅडम? पाचवी ब?" चेहरा ओळखला नाही त्याने, आवाज ओळखला. धोंडाबाईंचा ओम, जो बाकाखाली बसून डबा खायचा, तो. आता चांगला रुंद झालाय. फैजानने संधी सोडली नाही. त्याने एका खिडकीची गोधडी काढली आणि हात जोडून त्यांना गाडीचा लाल दिवा तेवढा खिडकीवर फिरू द्यायची विनंती केली. सिनेमात बंब पेटतो तेव्हा खोलीभर जो लाल प्रकाश गरगरतो, तो तिथला. लोक विचारतात हा इफेक्ट कुठे केला. फैजान नुसता हसतो.

आता मुख्य गोष्ट. पंचवटीकडच्या एका जुन्या थिएटरात पहिला खेळ ठरला. (नाव लिहीत नाही, पुढे कळेल का ते.) मी लग्नातला शालू नेसले होते, येवल्याचा. लेकाला, आयुषला, पुण्याला कळवलं होतं, त्याने अंगठा पाठवला. नुसता अंगठा, शब्द नाही. असो, कामात असतो. थिएटर भरलं होतं, पण भरलं होतं ते हसायला आलेल्यांनी. पहिल्या भागाची दाढी सगळ्यांच्या डोक्यात होती. नाव पडद्यावर आलं तेव्हाच शिट्ट्या. तेजल माळ्यावर चढते तर हसू, कपाट घोरतं तर हसू. (कपाटाला हसू येणं मीही समजू शकते.) नाझिया माझ्या शेजारी पदर तोंडाला लावून बसली होती. फैजान सगळ्यात मागे होता. मध्यंतरानंतर मी वळून पाहिलं तर तिथे नव्हता. दाराबाहेर जाऊन उभा राहिला होता.

शेवटचा प्रसंग आला. त्यात तेजल तिसऱ्या वेळी बंब पेटवते आणि म्हणते, मला काही नको. तिने काही मागितलंच नाही तर जिन्नीण संपते, म्हणून जिन्नीण तिला भुलवते, धमकावते, शेवटी विनवते. सगळा सिनेमा त्या प्रसंगावर उभा. आणि नेमका तिथे आवाज गेला. पडद्यावर माझं तोंड हलतंय, भिंतीएवढं हिरवं तोंड, आणि आवाज नाही. मग जो काही गोंधळ सुरू झाला! "आवाज! आवाज!" कुणीतरी वरून ओरडलं, "जिन्निणीचं रिचार्ज संपलं!" अख्खं थिएटर हसलं. दाराच्या फटीत मला फैजान दिसला. तो आत येत नव्हता आणि जातही नव्हता.

मी उठले. समोर जाऊन पडद्याकडे पाठ न करता बाजूला उभी राहिले, म्हणजे माझं तोंड मला दिसत होतं, आणि म्हटलं, "गप्प बसा."

अक्का, माइक नव्हता. पासष्ट पोरांचा वर्ग मी पत्र्याखाली, वर पाऊस कोसळत असताना शिकवलेला आहे, माइक मला कशाला लागतो? लोक गप्प झाले. मग मी पडद्यावरच्या तोंडाला धरून बोलत गेले. "माग. सोनं माग, घर माग, शत्रूचा जीव माग." ओठ आणि शब्द बरोबर जुळत होते. पुढे जिन्नीण गुडघे टेकते तिथे मी पुढचा संवाद विसरले. अगदी कोरी झाले. पडद्यावर माझं तोंड हलतंय आणि माझ्याकडे शब्द नाहीत. तेव्हा जे आलं ते मी बोलले. म्हटलं, "काहीतरी माग ना गं. पाणी माग. मीठ माग. मला कुणी काही मागत नाही आता. सगळ्यांचं सगळं घरपोच येतं. मी या बंबात बसून नुसती वाट बघते, की वर कुणाचं तरी पाऊल वाजेल." आवाज फाटला माझा तिथे. तेजल पडद्यावर मान हलवते, नाही म्हणते, आणि बंब विझतो.

कुणी शिट्टी मारली नाही. पुढच्या रांगेत एक दांडगा माणूस बायकोचा हात धरून बसला होता. दिवे लागले तरी लोक बसूनच होते, मग कुणीतरी टाळी वाजवली आणि मग थांबेचनात. फैजान मधल्या वाटेने पळत आला, माझ्यापर्यंत येऊन थांबला. म्हणाला, "मॅडम, उद्याच्या खेळाला याल का?"

मी निवृत्त झाले तेव्हापासून मला कुणी "याल का" असं विचारलेलं नव्हतं. मी म्हटलं, बघते. (तिथेच लगेच हो म्हणणं बरं दिसलं नसतं.)

तेव्हापासून प्रत्येक खेळाला मी उभी राहते. आवाज दुसऱ्या दिवशीच दुरुस्त झाला होता, पण फैजानने त्या प्रसंगातला आवाज आता स्वतःच काढून टाकलाय. लोक ते पाहायलाच येतात. सिन्नरला झाला, निफाडला झाला, येवल्यात तर बायका अर्धा तास आधीपासून जागा धरून बसल्या होत्या. रिक्षावाले फैजानला अजूनही हाक मारतात, पण आता म्हणतात, "मॅडमना सोडायचंय का कुठं?" नाझियाने भावाला फोन करून सांगितलं, टायर तुमचे तुमच्याकडे ठेवा. परवा एका मुलीने येऊन विचारलं, वक्तृत्वस्पर्धेसाठी आवाज कसा लावायचा ते शिकवाल का. आता संध्याकाळी तिघी-चौघी येतात माझ्याकडे. त्यांच्यातली पायल "गप्प" म्हणते तेव्हा खालच्या मजल्यावरचा कुत्रा बसतो.

म्हणून सांगते, आपल्या घरात असलं कुणी केलं नव्हतं हे तुझं अगदी खरं आहे. कुणाला जमलंच नसतं. त्याबद्दल मला जराही वाईट वाटत नाही, आणि भीती तर अजिबात नाही वाटली, ना पहिल्या खेळाला ना नंतर कधी. माणसांनी भरलेलं थिएटर म्हणजे माझ्यासाठी एक मोठा वर्ग.

दाजींना लोणच्यापासून दूर ठेव. राग गेला असेल तर फोन उचल, गेला नसेल तर उचलून बोल मला, पण उचल.

तुझीच, हल्ली पडद्यावर राहणारी,
प्रतिभा

ता. क. : येत्या शनिवारी दुपारी मनमाडला खेळ आहे, तुमच्या स्टेशनाजवळच्या हॉलमध्ये. तुझ्या महिला मंडळाला निमंत्रण गेलेलं आहे. ते तुझ्याच नावाने गेलं आहे. प्रमुख पाहुणी म्हणूनही तुझंच नाव छापलंय, हे तुला आधी कळवायचं राहिलं. जांभळी साडी नेस, फोटोत चांगली येते.

ता. क. दुसरा : बंब ठीक आहे. आतून काळा झालाय. तोटी गेली.

ता. क. तिसरा : वर भीती वाटली नाही असं लिहिलंय, ते खोडणार होते, पण खाडाखोड केलेलं पत्र तुला आवडत नाही. अक्का, भीती वाटते. प्रत्येक खेळाला. उठायची वेळ आली की मी खुर्चीखाली नाझियाचा हात इतका दाबते, की तिने बांगड्या घालणं सोडलंय. शनिवारी तिच्या भाचीचं लग्न आहे मालेगावला, ती येणार नाही. मी दुसऱ्या कुणाला विचारलेलं नाही. माझ्या शेजारची खुर्ची तुझी आहे, लवकर येऊन बस. दाजींना मागच्या ओळीत बसव, ते मध्येच बोलतात.